पांढऱ्या उजेडाची पूड

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की धाम नदीच्या काठचं आंजी (मोठी) हे गाव येतं. या पट्ट्यातल्या खेड्यांनी पांढरा उजेड पहिल्यांदा पाहिला तो विजेचा नव्हता, गॅसबत्तीचा होता. घरात मातीच्या तेलाची चिमणी, गोठ्यात कंदील. दोन्हींचा उजेड पिवळा, काजळी धरणारा. लग्नाची वरात, सप्त्यातलं कीर्तन नाहीतर दंडार असली की भाड्याची गॅसबत्ती यायची. बत्तीवाला नवं मेंटल बांधायचा, ते एकदा पेटवून त्याची राख करून घ्यायचा आणि मग पंप मारायचा. राखेची ती बोटभर जाळी असा उजेड टाकायची की मांडवातल्या लुगड्यांचे खरे रंग दिसू लागायचे. चिमणीच्या उजेडात निळं आणि काळं लुगडं ओळखू येत नाही. पांढऱ्या उजेडाचं मोल इथल्या माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे.

मेंटलच्या त्या राखेत ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड आणि १ टक्का सेरियमचं. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी हे प्रमाण १८९१ च्या सुमारास पक्कं केलं. हा १ टक्का कमी केला तर उजेड मरतो, वाढवला तर पिवळा पडतो. थोरियमसाठी जग आधी ब्राझीलकडे बघायचं. १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम देणारं मोनाझाइट सापडलं आणि मेंटलच्या कारखान्यांची नजर इकडे वळली. मोनाझाइट हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं खनिज. सेरियम त्याच घराण्यातलं आणि पुढे या कथेत येणारं युरोपियमही त्याच घराण्यातलं. उजेड ज्योतीतून येतो असं आपण म्हणतो, पण त्याचा रंग आणि त्याची प्रत ज्योतीत धरलेला पदार्थ ठरवतो. गेल्या सव्वाशे वर्षांत दिवे बदलले ते या पदार्थामुळेच.

दिव्यात कोणता पदार्थ असावा, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात एकदा फार गंभीरपणे विचारला गेला होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्याचं ठाणं झालं. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. त्यांचा हिशेब असा की, रॉकेल परदेशातून येतं, जमिनीतला साठा उपसून येतं आणि खेड्यातला पैसा रोज रात्री थोडाथोडा बाहेर घेऊन जातं. गावात करंजी आहे, मोह आहे, तेलबियांची झाडं बांधावर उभी आहेत. मग दिवा त्यांच्यावर का पेटू नये? मगनवाडीत वनस्पतीतेलावर चालणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील तयार झाला. रॉकेलचं तेल पातळ असतं, वातीतून झरझर चढतं. करंजीचं तेल जाड, ते वातीतून चढायला नाखूश. म्हणून तेलाची टाकी आणि ज्योत यांची रचनाच बदलावी लागली. मगनदीपाचा उजेड पांढरा नव्हता आणि बाजारात तो रॉकेलपुढे टिकला नाही. तरीही मगनवाडीचं मला मोल वाटतं, कारण दिव्यात जळणारा पदार्थ कुठून येतो, कोण बनवतो आणि त्याचे पैसे कुणाला जातात, हा प्रश्न विज्ञानाच्या कामाचाच भाग आहे असं तिथे मानलं गेलं. पुढची सगळी हकीकत वाचताना हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता १९४२ कडे येऊ. आंजीहून आर्वीला आणि तिथून पुढे आष्टीला रस्ता जातो. त्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, ‘भारत छोडो’ आंदोलनात लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळीबारात माणसं पडली. त्या भागात लोकांना उभं करणारी खंजिरी तुकडोजी महाराजांची होती. सरकारनं महिना संपायच्या आत त्यांना अटक केली. नागपूर विद्यापीठाला पुढे २००५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. त्याच १९४२ साली नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आपली एलआयटी, सुरू झाली. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या खाणींवर मिळवलेली संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी विद्यापीठाला मृत्युपत्रानं देऊन ठेवली होती, तिच्यातून ही संस्था उभी राहिली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मॅककीग आणि रॅन्बी यांनी ट्यूबलाइटसाठी हॅलोफॉस्फेट पूड शोधली. कॅल्शियमच्या या संयुगात दोन मूलद्रव्यांचा किंचित शिडकावा असतो. अँटिमनी निळसर उजेड देतं, मँगनीज नारिंगी उजेड देतं आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ट्यूबच्या आतल्या बाजूला हाताला लागते ती पांढरी पूड हीच. त्याच १९४२ मध्ये अमेरिकेत एस. आय. वाइसमन यांनी दाखवून दिलं की युरोपियमला सेंद्रिय रेणूंच्या कोंदणात बसवलं तर तो रेणू स्वतः अतिनील प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा आतल्या युरोपियमला देतो. मग युरोपियम लाल उजळतं. एकटं युरोपियम प्रकाश फार थोडा शोषतं, म्हणून भोवतीच्या रेणूनं तो पकडून आणून द्यायचा. इंग्लंड, अमेरिका आणि नागपूर, तिघांचा तेव्हा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो जुळायला साठ-सत्तर वर्षं लागली आणि तो एलआयटीच्याच उपयोजित भौतिकशास्त्र विभागात जुळला.

मधल्या काळात जग काय करत होतं ते पाहिल्याशिवाय नागपूरचं काम नीट कळणार नाही. सेंद्रिय पदार्थ, म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभे असलेले रेणू, वीज दिल्यावर उजळतात हे फ्रान्समधल्या नान्सीत आंद्रे बर्नानोझ यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं. सेल्युलोजच्या पातळ पापुद्र्यात रंगद्रव्य मुरवायचं आणि त्याला जबर दाबाची प्रत्यावर्ती वीज द्यायची. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासिनच्या स्फटिकातून एकदिश विजेनं उजेड काढला, पण त्यासाठी ४०० व्होल्ट लागले. अँथ्रासिन हा कोळशाच्या डांबरातून मिळालेला पदार्थ, १८३२ चा. पुढे या कथेत येणारं क्विनोलीनही तिथूनच, १८३४ चं. वर्धा नदीच्या खोऱ्यात वरोरा, बल्लारपूर, वणी असा कोळसाच कोळसा आहे. त्या कोळशावर आम्ही वीज केली, रेल्वे चालवली. डांबरातल्या रेणूंचं रसायनशास्त्र मात्र जर्मनीत आणि इंग्लंडात वाढलं. ही खंत इतिहास वाचताना वाटतेच.

खरं वळण १९८७ मध्ये आलं. अमेरिकेत रोचेस्टरच्या ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग नावाचे हाँगकाँगमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. आदल्याच वर्षी त्यांनी दोन सेंद्रिय थर एकमेकांवर बसवून सौर घट केला होता. प्रकाश आत, वीज बाहेर. आता उलट करायचं होतं, वीज आत आणि प्रकाश बाहेर. स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्यासह त्यांनी पारदर्शक वीजवाहक थर दिलेल्या काचेवर डायअमाइन जातीच्या रेणूंचा ७५ नॅनोमीटरचा थर दिला, त्यावर अल्क्यू-३ चा ६० नॅनोमीटरचा आणि वर मॅग्नेशियम-चांदीचा पत्रा. आपला केस जाडीला ७०-८० हजार नॅनोमीटर भरतो, त्यावरून हे थर किती पातळ असतील याचा अंदाज करा. पातळपणातच सगळी करामत होती. थर पातळ म्हणून दाब कमी पुरला, १० व्होल्टच्याही आत हिरवा उजेड आला आणि तो भरपूर होता.

अल्क्यू-३ काय आहे, हे आपल्या कोणत्याही जुन्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारून पाहावं. ऑक्सिन नावाचं अभिकर्मक घ्यायचं, ते ॲल्युमिनियमच्या द्रावणात घालायचं, पिवळा साका बसतो. तो गाळून, वाळवून, तोलून ॲल्युमिनियम किती होतं ते काढायचं. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा प्रयोग परीक्षेसाठी केला. त्या साक्याचं नाव अल्क्यू-३. कोडॅकचा दिवा या साक्याचा होता. ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण नागपूर, अमरावती, वर्धा इथल्या प्रयोगशाळांना या क्षेत्रात शिरायला दार कुठून मिळालं ते इथे दिसतं. सिलिकॉनची चिप बनवायला हजारो कोटींचा कारखाना लागतो. सेंद्रिय प्रकाशक पदार्थ गोल बुडाच्या चंबूत, ढवळणीवर, गाळणकागदावर तयार होतो.

हिरवा आला, पण घरात हिरवा दिवा कोण लावणार? पांढऱ्यासाठी निळा, हिरवा, लाल तिन्ही हवेत आणि एकाच वेळी हवेत. हे जपानमध्ये यामागाता विद्यापीठात जुंजी किडो यांनी करून दाखवलं. यामागाता म्हणजे तोक्यो नव्हे, क्योतो नव्हे; दूरच्या प्रांतातलं विद्यापीठ. किडो यांनी १९९० च्या आसपास टर्बियम आणि युरोपियमच्या सेंद्रिय संकुलांचेच दिवे करून पाहिले होते. १९९४ मध्ये त्यांनी एका बहुवारिकाच्या पापुद्र्यात तऱ्हेतऱ्हेची रंगद्रव्यं मिसळून पांढरा उजेड काढला आणि १९९५ मध्ये किमुरा आणि नागाई यांच्यासह ‘सायन्स’ नियतकालिकात तीन थरांचा दिवा मांडला. एक थर निळा, एक हिरवा, एक लाल. १५-१६ व्होल्टवर चौरस मीटरला २००० कँडेलापेक्षा अधिक तेज, जवळजवळ ट्यूबलाइटइतकं. ही सपाट काच होती, तिच्यात तार नव्हती, पारा नव्हता. पुढची पंधरा वर्षं जगातल्या दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्या या एका काचेमागे धावल्या.

एक मोठी अडचण १९९८ मध्ये सुटली. वीज दिल्यावर रेणूत ज्या उत्तेजित अवस्था तयार होतात, त्यांतल्या चारपैकी एकच साध्या रेणूत उजेड देते, बाकी तीन उष्णतेत जातात. विहिरीवरून चार घागरी आणाव्यात आणि तीन वाटेत सांडाव्यात, असा व्यवहार. अमेरिकेत बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्प्सन यांनी रेणूच्या मधोमध प्लॅटिनमसारखा जड धातू बसवून त्या तीन घागरीही उजेडात आणल्या. पुढे इरिडियम आलं. लाल आणि हिरवा या मार्गानं पक्के झाले. निळा झाला नाही आणि तो आजही पुरता झालेला नाही. निळ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते आणि सेंद्रिय रेणूतले काही बंध तुटायला लागणारी ऊर्जा त्याहून फार लांब नसते. उजेड देता देता रेणू मोडतो. तिघांत निळा आधी थकतो, मग पांढरा दिवा हळूहळू पिवळा पडत जातो.

नागपूरचा प्रवेश इथे होतो. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रकाशदीप्तीची परंपरा आधीपासून होती. सं. वि. मोहरील आणि पुढे संजय ढोबळे यांच्यासारख्या संशोधकांनी तिथे प्रकाशक पुडींवर काम केलं. किरणोत्सर्ग मोजण्याच्या पुडी, ट्यूबच्या पुडी, मग एलईडीच्या पुडी. हे सगळं अकार्बनी काम, भट्टीतलं, हजार अंशांचं. अमरावती रस्त्यावरच, तिथून जवळ, एलआयटी आहे. एलआयटीच्या एन. तेजो कल्याणी यांनी ढोबळे यांच्याबरोबर सेंद्रिय पुडींकडे मोहरा वळवला. त्यांच्या सुरुवातीच्या निबंधांत रामचंद्र पोडे यांचंही नाव आहे. पोडे नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले. पुढे ते दक्षिण कोरियात सोलच्या क्युंग ही विद्यापीठात गेले आणि तिथे जांग ह्युक क्वॉन यांच्या गटाबरोबर सेंद्रिय दिव्यांच्या रचनेवर काम केलं. नागपुरात पदार्थ आणि सोलमध्ये दिवा, अशी विभागणी एका माणसाच्या वाटचालीतच दिसते.

पदार्थ कसा तयार होतो ते जवळून पाहू. युरोपियमचं क्लोराइड पाण्यात विरघळवून ठेवायचं. दुसऱ्या भांड्यात अल्कोहोलमध्ये थेनॉयलट्रायफ्लुओरोॲसिटोन, ज्याला प्रयोगशाळेत सगळे टीटीए म्हणतात, आणि फेनॅन्थ्रोलीन. युरोपियमच्या एका अणूमागे टीटीएचे तीन रेणू आणि फेनॅन्थ्रोलीनचा एक, हे माप चुकवायचं नाही. दोन्ही द्रावणं एकत्र करून कोमट ठेवून ढवळत राहायचं आणि थेंबाथेंबानं अल्कली घालून सामू सांभाळायचा. सामू हुकला की युरोपियमचं हायड्रॉक्साइडच खाली बसतं आणि सगळी मेहनत जाते. सगळं जमलं तर द्रावण दुधाळ होतं, साका बसतो. गाळायचा, धुवायचा, वाळवायचा. हाती येते ती फिकट, जवळजवळ पांढरी पूड. दिवसाउजेडी तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. खोली अंधारी करून अतिनील दिवा तिच्यावर धरला की मात्र ती पूड लालभडक पेटते. ६१२ नॅनोमीटरच्या आसपासचा अगदी अरुंद, निर्भेळ लाल. वाइसमन यांनी १९४२ मध्ये सांगितलं ते हेच. टीटीए प्रकाश पकडतं, युरोपियम उजळतं.

युरोपियम महाग आहे. आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये ते अगदी थोडं असतं. म्हणून या गटानं युरोपियमचा काही वाटा काढून त्या जागी इट्रियम किंवा टर्बियम घालून पाहिलं. टर्बियम एरवी हिरवं उजळणारं. पण या कोंदणात ते आपली ऊर्जा शेजारच्या युरोपियमला देतं, म्हणून रंग लालच राहतो आणि तेज उलट वाढतं. मग ही संकुलं वेगवेगळ्या द्रावकांत आणि पीएमएमए या काचेसारख्या प्लास्टिकच्या पापुद्र्यात मिसळून तपासली गेली, कारण दिव्यात पूड तशीच ठेवता येत नाही, तिचा सलग थर व्हावा लागतो. महाग वस्तू अर्धी करून तेच काम चोख करून घेणं ही मगनवाडीच्या हिशेबाची रीत आहे, आणि मला या कामातली ही बाजू सर्वांत जास्त भावते.

लाल झाला, हिरव्यासाठी अल्क्यू-३ होतंच, त्यातही सोडियम मिसळून तेज वाढवण्याचे प्रयोग नागपुरात झाले. उरला निळा. त्यासाठी डायफिनाइल क्विनोलीन, थोडक्यात डीपीक्यू, या रेणूची निवड झाली. त्याची कृती १८८२ ची आहे, पॉल फ्रीडलेंडर यांची. ॲमिनोबेन्झोफिनोन आणि ॲसिटोफिनोन आम्लाच्या सान्निध्यात तापवायचे. दोन रेणू एकमेकांत अडकून क्विनोलीनचं कडं तयार होतं, पाणी निघून जातं. ॲसिटोफिनोनच्या टोकाला कधी मिथाइल, कधी मिथॉक्सी, कधी ब्रोमीन जोडलेला घ्यायचा. टोकाचा हा गट बदलला की उजेडाचा निळा इकडेतिकडे सरकतो. कृती जुनी, रेणू नवे, आणि अशा रेणूंची मालिकाच या संशोधकांनी आपल्या निबंधांतून मांडली. २०१२ मध्ये तेजो कल्याणी आणि ढोबळे यांनी ऊर्जा वाचवणारे दिवे म्हणून ओएलईडीचा, म्हणजे या सेंद्रिय दिव्यांचा, दीर्घ आढावा ‘रिन्यूएबल अँड सस्टेनेबल एनर्जी रिव्ह्यूज’मध्ये लिहिला. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट विद्यापीठातले हेंड्रिक स्वार्ट यांच्यासह ‘प्रिन्सिपल्स अँड ॲप्लिकेशन्स ऑफ ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोड्स’ हा ग्रंथ आला. या विषयातला नवा विद्यार्थी कुठल्याही देशातला असो, त्याला हातात घ्यावं लागेल असं पुस्तक नागपुरात बसून लिहिलं गेलं, याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

पण इथेच थांबून एक कठीण गोष्ट बोलायला हवी. पुडीवर अतिनील दिवा धरून तिचा उजेड मोजणं वेगळं आणि वीज देऊन तिच्यातून उजेड काढणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी निर्वात कक्ष लागतो. हवेच्या दाबाच्या अब्जांश दाबापर्यंत खाली गेल्यावर पूड तापवून तिची वाफ काचेवर बसवायची, थराची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजत. नंतर तो दिवा नायट्रोजन भरलेल्या पेटीतच बंद करायचा, कारण पाण्याची वाफ लागली की काळे डाग पडतात आणि पसरत जातात. विदर्भातल्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या अशा दिव्याचं काय होईल ते सांगायला नको. भारतात हे साहित्य दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, कानपूरची आयआयटी अशा मोजक्या ठिकाणी उभं राहिलं. नागपूर परिसरातल्या कामाचा मोठा भाग म्हणून पुडीपर्यंत आणि पापुद्र्यापर्यंत राहिला. यात संशोधकांची कसूर मला दिसत नाही. रेणू इथे जन्मतो आणि दिवा होण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारी जावं लागतं, ही व्यवस्थेची कसूर आहे. यामागाता आणि नागपूर यांत बुद्धीचं अंतर नव्हतं. किडो यांना त्यांच्या विद्यापीठातच काचेवर थर देता आले.

या सगळ्या वर्षांत आंजीसारख्या गावांत काय चाललं होतं? २००५ नंतर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनानं कहर केला. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास लाइन नसायची. कोराडीचं वीजकेंद्र विदर्भात, चंद्रपूरचं विदर्भात, कोळसा विदर्भातला, राख विदर्भाच्या अंगावर आणि रात्री अभ्यासाला पुन्हा कंदील. त्या काळात ज्यांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा झाल्या त्यांना कंदिलाच्या काचेवरची काजळी रोज संध्याकाळी राखेनं घासल्याचं आठवत असेल. २०११ मध्ये पोडे यांचं बूकर डियूफ यांच्यासोबत लिहिलेलं ‘सोलर लाइटिंग’ हे पुस्तक आलं, त्यात नेमका हाच प्रश्न आहे. रॉकेलवर घर उजळणाऱ्यांच्या दारी सौर पॅनेल, बॅटरी आणि एलईडी कसे पोचवायचे, त्याचा खर्च कसा बसवायचा. सोलमध्ये ओएलईडीच्या अद्ययावत प्रयोगशाळेत काम करणारा नागपूरचा माणूस कंदिलावर पुस्तक लिहितो, याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्या भागातून तो गेला तिथे कंदील अजून संपला नव्हता.

कंदील घालवला तो मात्र सेंद्रिय दिव्यानं नव्हे. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचा निळा एलईडी केला होता. १९९६ मध्ये त्याच्यावर पिवळ्या पुडीचा लेप देऊन पांढरा एलईडी बाजारात आला. निळा अधिक पिवळा, झाला पांढरा. पुन्हा पुडीचीच करामत. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि ९ वॉटचे एलईडी बल्ब शेकड्यांतून दहांच्या किमतीत आले. दोन-तीन वर्षांत खेड्यांतल्या सॉकेटमधला पिवळा बल्ब दिसेनासा झाला. या किमतीशी सेंद्रिय दिव्याला झुंजता येईना. ड्रेस्डेनमध्ये कार्ल लिओ यांच्या गटानं २००९ मध्ये वॉटमागे ९० लुमेनचा पांढरा सेंद्रिय दिवा करून ट्यूबलाइटची बरोबरी केली होती, पण तो प्रयोगशाळेतला विक्रम. फिलिप्सनं आपला सेंद्रिय दिव्यांचा धंदा २०१५ मध्ये विकला. २०२० च्या सुमारास कोरियाच्या एलजीनंही दिव्यांतून अंग काढलं.

तरीही पांढरा सेंद्रिय उजेड मेला नाही, तो भिंतीवरच्या टीव्हीत गेला. कोडॅकचे या क्षेत्रातले हक्क एलजीनं २००९ मध्ये विकत घेतले आणि जानेवारी २०१३ मध्ये ५५ इंची टीव्ही बाजारात आणला. त्यात प्रत्येक बिंदूमागे पांढराच सेंद्रिय थर असतो आणि त्यापुढे लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या. किडो यांनी घरासाठी केलेला पांढरा दिवा आज टीव्हीच्या लाखो बिंदूंत तुकड्यातुकड्यांनी जळतो आहे. मोबाइलच्या पडद्यावर तर सेंद्रिय प्रकाशकांचंच राज्य आहे. आंजीच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या पोराच्या हातात असा पडदा असतो आणि त्यातली पूड कोरियात, जपानमध्ये, चीनमध्ये शुद्ध केलेली असते.

नागपुरातलं काम थांबलेलं नाही. अतिनीलच्या जवळचा प्रकाश देणाऱ्या एलईडीवर सेंद्रिय पुडीचा लेप देऊन पांढरा मिळवायचा, हा मार्ग या संशोधकांना मोकळा आहे, कारण त्यात निर्वात कक्षाची गरज पडत नाही; प्लास्टिकमध्ये मिसळलेली पूड चिपवर बसवली की झालं. लालासाठी युरोपियमचं संकुल, निळ्यासाठी डीपीक्यू, हिरव्यासाठी अल्क्यू-३, तिन्ही आपल्या चंबूत तयार होतात. वर्ध्यात मगनवाडीच्याच जागेत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी आहे. एलआयटी २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली, म्हणजे आपली उपकरणं आपण ठरवण्याची मुभा तिला आली. त्या मुभेतून पहिली खरेदी कोणती व्हावी असं मला कुणी विचारलं तर मी एक निर्वात बाष्पन कक्ष आणि त्याला जोडलेली नायट्रोजनची पेटी मागेन, आणि ती नागपूर, वर्धा, अमरावती, चंद्रपूरच्या कॉलेजांतल्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यासाठी उघडी ठेवायला सांगेन.